रितें लिहिलेली जागा

११ ऑक्टोबर

ताई,

मजकूर लांब आहे, तेव्हा आधी चहा करून घे आणि मग वाचायला बस. फोनवर सांगितलं असतं, पण इथे रेंज हवी तर बांधाच्या टोकाला जाऊन एका पायावर उभं राहावं लागतं. शिवाय फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो. पत्रात निदान माझं वाक्य पुरं होतं.

मी अजून त्या जुन्या पंपघराच्या खोलीतच आहे. पंप कधीच कुणीतरी काढून नेला, खोली राहिली. खाट, स्टोव्ह, दुर्बीण, आणि छताला उलटी टांगलेली माझी होडी. दार उघडलं की समोर खाजण, खाडीकाठचा खारा चिखल. पाणटिवळे आलेत. लांब चोचीचा, उंच पायांचा, मातकट रंगाचा पक्षी. समुद्रावरून येताना वाटेत कुठे उतरत नाही, खात नाही, झोपत नाही. इथे पोचतो तेव्हा निम्मा झालेला असतो. चोचीचं टोक चिखलात खुपसून तो आतले किडे चाचपतो आणि हळूहळू पुन्हा भरतो. दर वर्षी हे बघतो आणि दर वर्षी मला कुणीतरी दूरचं घरी आल्यासारखं वाटतं.

आता कामाचं. बंदर खात्याला हे खाजण भरून कोळशाचं आवार करायचं आहे. भराव टाकण्याआधी जागेची पाहणी करावी असा नियम आहे. पण मान्य नकाशात जी जागा निर्जीव दाखवली असेल, तिला पाहणी लागत नाही. आणि या किनाऱ्याचा मान्य नकाशा कुणाचा? आपल्या पणजोबांचा. कुठल्या खडकावर कुठला शिंपला, कुठल्या वाळूत कुठला खेकडा, सगळं त्यांनी होडीतून हिंडून टिपलं. त्याच कामाने त्यांचं चित्र शाळेच्या पुस्तकात गेलं. आणि त्याच नकाशात या तुकड्यावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात एकच शब्द आहे: 'रितें'. अनुस्वारासकट.

डिसेंबरात सुनावणी आहे. पणजोबांचं घर, तिथलं स्मारक, सगळं तू बघतेस. स्मारकाच्या कागदावर तू लिहून दिलंस की एवढ्या तुकड्यापुरता नकाशा चुकला आहे, पुन्हा पाहणी करा, तर त्यांना ती करावीच लागेल. माझं कोण ऐकणार? माझ्या नावापुढे 'साहसवीर' लावतात. त्याचा अर्थ एवढाच, की हा शिकलाही नाही आणि मेलाही नाही.

लवकर कळव.

तुझा
रित्या


२३ ऑक्टोबर

चि. रित्यास,

अनेक आशीर्वाद. पन्नाशी उलटलेल्या माणसाला चिरंजीव लिहिताना मलाच हसू येतं, पण मी लिहायचं थांबवलं तर तुला दुसरं कोण लिहिणार आहे?

चहा केला होता. तुझं पत्र संपेपर्यंत गार झाला.

तू काय मागतोस ते तुला कळतंय ना? दिवाणखान्यातल्या भिंतीवर तो नकाशा आहे. त्याच्यासमोर मी रोज शाळेच्या मुलांना उभं करते आणि सांगते, या माणसाने एवढा किनारा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. आता मीच म्हणू की नीट नाही पाहिला? बाबांनी उभं आयुष्य पणजोबांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासण्यात घालवलं. एक काना चुकला तरी जेवायचे नाहीत. त्यांना जाऊन फार दिवस झाले नाहीत, रे.

आणि एक विचारू? विज्ञानात नापास झालास तेव्हा बाबांनी तुला त्या नकाशासमोर नेलं, त्या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे बघ तुझं डोकं." त्या दिवसापासून तू रित्या. मग तू डोंगर चढलास, समुद्र वल्हवून आलास, पेपरात नाव आलं, तरी सही 'रित्या' अशीच. आणि एवढ्या मोठ्या जगातून तू राहायला जागा शोधलीस ती नेमकी तीच. आता म्हणतोस, ती रिती नाही. हे सगळं पाणटिवळ्यांसाठी चाललंय की बाबांना उत्तर द्यायला? बाबा ऐकायला नाहीत. तेव्हा ते उत्तर माझ्या हातून देऊ नकोस.

मध्यंतरी बंदराचे एक इंजिनिअर इथे येऊन गेले. सभ्य मनुष्य. नकाशापाशी बराच वेळ हात मागे बांधून उभे होते. हल्ली इतक्या आदराने कोण बघतं?

पणजोबांचं वाक्य मी जिन्यावर रंगवून घेतलंय: आधी पाहा, मग बोला. मला काही सबळ दाखव. नुसतं 'मी सांगतो म्हणून' हे आपल्या घरात कधी चाललेलं नाही.

गुडघे तसेच. तू जेवतोस ना वेळेवर?

तुझी
ताई


२ नोव्हेंबर

ताई,

बरोबर ओळखलंस. मी इथे पहिल्यांदा आलो तो रागानेच. तेव्हा समुद्र ओलांडून नुकताच परतलो होतो. पेपरात बातमी आली त्यात पणजोबांचा फोटो तळहाताएवढा आणि माझा तिकिटाएवढा. खाली ओळ, 'थोर शास्त्रज्ञाच्या पणतूचा पराक्रम'. वाटलं, जाऊन बघू तरी आपल्या नावाची जागा.

दुपारची वेळ होती. वल्हवत आत शिरलो. खरंच काही नव्हतं. मोठ्याने हसलो, कारण बाबा जिंकले होते. एका खुंटाला होडी बांधली आणि टोपी तोंडावर घेऊन झोपून गेलो.

जाग आली ती आवाजाने. तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा बारीक, सगळीकडून येणारा चर्र आवाज. चिखलात असंख्य बारीक भोकं उघडत होती. प्रत्येक भोकात काहीतरी हलत होतं. आणि त्यावर पक्षी, ताई. इतके, की चिखलच चालतोय असं वाटावं. माझी होडी मध्येच कलंडून पडली होती आणि माझ्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. एवढ्या गर्दीत मला कुणी पणतू म्हणून बघत नव्हतं. त्या संध्याकाळी माझा राग गेला. खरंच गेला. तेव्हापासून मी इथे आहे तो बाबांना काही दाखवायला नाही.

सबळ काय पाठवू? फोटो पाठवले तर इंजिनिअर म्हणेल, दुसरीकडचे आहेत. माझ्या नोंदी म्हणजे साहसवीराच्या नोंदी. तू स्वतःच ये ना. कधीही ये. दारात खुर्ची टाकतो. एक शब्द बोलणार नाही. तू बस आणि पाहा, आणि मग तुला जे वाटेल ते लिही.

जेवतो. आज डाळ करपली, पण खाल्ली.

रित्या


१९ नोव्हेंबर

चि. रित्यास,

मी येऊन गेले.

आधी कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू समोर बसला असतास, आणि तुझा चेहरा बघत मला खरं दिसलं नसतं. सुनावणीच्या अधिकाऱ्यांचं पत्र आलं होतं, स्मारकाचं मत काय म्हणून. म्हटलं, घरबसल्या मत द्यायचं नाही. जिन्यावर रंगवलेलं वाक्य आपल्यालाही लागू आहे.

दुपारच्या बसने उतरले आणि काठी टेकत बांधावरून तुझ्या खोलीपर्यंत आले. दाराला कुलूप होतं. शेजारच्या जाळं विणणाऱ्या बाई म्हणाल्या, "ते वल्ह्याचं काम करून घ्यायला गावात गेलेत. तुम्ही कोण?" मी म्हटलं, बहीण. तर म्हणाल्या, "अगंबाई, त्यांना बहीण आहे?" हे तुला सांगायचं नव्हतं, पण सांगितलं.

तुझ्या पायरीवर बसले. डबा खाल्ला. आणि पाहिलं, रित्या. नीट पाहिलं. चष्मा पुसून पाहिलं. डोळा पोचेल तिथवर पाणी. सपाट, राखाडी, अगदी बांधाच्या दगडांना येऊन लागलेलं. पुसून ठेवलेल्या पाटीसारखं. ना भोकं, ना आवाज, ना एक पक्षी. परतीच्या बसची वेळ होईपर्यंत मी तिथून हलले नाही.

मी तुला खोटारडा म्हणत नाही. लहानपणी तू माळ्यावर वाघ आहे म्हणायचास तेव्हाही तुला तो दिसत असायचा. एवढी वर्षं एकट्याने राहणारा माणूस रिकामी जागा मनानेच भरत असेल. झोपेतून उठल्यावर तर काहीही दिसतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण मी शपथेवर खोटं लिहिणार नाही. लिहून दिलं ते असं: 'मी स्वतः जाऊन पाहिले. मूळ नोंदीशी विसंगत असे मला काही आढळले नाही.'

रागावशील. रागाव. पण मग घरी ये. वरची खोली झाडून ठेवली आहे, पंखा दुरुस्त केला आहे. आता दोघंच उरलो आपण. त्या ओलीत हाडं कशाला मोडून घेतोस?

ताई


१२ डिसेंबर

ताई,

किती वाजता आली होतीस?

विचारून उपयोग नाही. जाळ्यावाल्या बाईंनी सांगितलं. पुरती भरती होती.

काल सुनावणी झाली. भिंतीवर पणजोबांचा नकाशा लावला होता, दरवाजाएवढा मोठा करून, खाली 'स्मारकाच्या सौजन्याने'. म्हणजे तू तो त्या सभ्य माणसाला आधीच दिला होतास. मला ते तुझ्याकडून कळलं असतं तर बरं झालं असतं. मग तुझं निवेदन वाचलं. अधिकाऱ्याने आवाज चांगला लावला होता.

मी उठून म्हणालो, "ती भरतीच्या वेळी आली होती. तेव्हा हे सगळं पाण्याखाली असतं, आणि पक्षी पलीकडच्या मिठागरात जाऊन बसतात. पाणी उतरलं की परत येतात."

"आणि तुमचे पणजोबा?" अधिकारी म्हणाले.

"तेसुद्धा भरतीलाच आले असणार. त्यांची होडी जड होती, तळ खोल. पाणी चढल्याशिवाय ती आत शिरत नसे, आणि पाणी उतरायच्या आत बाहेर काढावी लागे. नाहीतर ते अडकले असते. मी अडकलो, म्हणून मला दिसलं."

"म्हणजे तुमच्या घरातल्या दोन शिकलेल्या माणसांनी पाहिलं, त्यांना काही दिसलं नाही. तुम्हाला मात्र दिसतं."

लोक हसले. वाईटपणाने नाही, नुसते हसले.

मी म्हणालो, "ओहोटीला येऊन बघा. पहाटे आहे, उद्याही आहे."

"आम्ही कचेरीच्या वेळेत येतो," ते म्हणाले, आणि पुढचा कागद घेतला. भरावाला मंजुरी मिळाली.

ताई, तू खोटं लिहिलं नाहीस. दिसलं तेच लिहिलंस, आणि चष्मा पुसून पाहिलंस हेही मी मानतो. तुझी काहीच चूक नाही असं म्हणायला मी इथे बसलो होतो, पण ते माझ्याच्याने लिहवत नाही. दारात माणूस नसेल तर थांबावं ना गं. एक रात्र थांबायला काय झालं होतं?

आणि मी. मी लिहिलं, कधीही ये. इतकी वर्षं इथे राहून भरती म्हणजे माझ्या लेखी दुकान बंद असायची वेळ झाली आहे. त्या वेळात मी गावातली कामं उरकतो. दुसऱ्या कुणाला ती बंद फळी म्हणजेच दुकान वाटेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बाबांनी नाव बरोबर ठेवलं होतं.

वरची खोली कुणाला तरी भाड्याने दे.

रित्या


९ जानेवारी

चि. रित्यास,

तुझं पत्र घेऊन तीनदा लिहायला बसले. शेवटी उठून सरळ गेले, त्या अधिकाऱ्यांकडे. म्हटलं, माझं निवेदन मला परत हवं.

ते म्हणाले, "का? त्यात काही खोटं आहे?"

"खोटं नाही. पण मी चुकीच्या वेळी पाहिलं."

"बाई, तुम्ही गेलात, बसलात, पाहिलंत, सही केलीत. आता तुमचे बंधू रागावले म्हणून कागद मागे घेता येत नाही."

"ते रागावले म्हणून नाही हो. पाणी उतरतं म्हणून."

त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. माझ्याशी इतकं गोड बोलत होते, की बाहेर आल्यावर मला जिना दिसेना.

तिथेच ते इंजिनिअर भेटले. म्हणाले, आवाराला तुमच्या पणजोबांचं नाव द्यायचं चाललंय, फलक लावू, तुम्हाला बोलावू. मी नको म्हटलं. ते म्हणाले, थोरांची नावं सगळ्यांची असतात, त्याला परवानगी लागत नाही.

नकाशा त्यांना मी दिला, हे खरं. तू पहिलं पत्र लिहिलंस त्याच्याही आधी. मला अभिमान वाटला होता. इतके दिवस त्या नकाशावरची धूळच पुसत आले, कुणीतरी त्याचा उपयोग करतंय याचा आनंद झाला. कशासाठी म्हणून विचारायचं सुचलं नाही. मागून तुला सांगायची हिंमत झाली नाही.

मुलं अजून येतात. जिना चढताना ते वाक्य सगळी मिळून ओरडून वाचतात. मी तेवढ्यापुरती स्वयंपाकघरात जाते.

पणजोबा चुकले असं स्मारकाच्या कागदावर लिहून मी आता सगळीकडे पाठवलंय, पेपरांना, खात्याला, विद्यापीठाला. विद्यापीठातून एकाचं उत्तर आलं. लिहितात, आपल्या भावना समजू शकतो.

तुझ्याकडे यायला निघाले होते. स्टॅंडपर्यंत गेले आणि परत फिरले. आता तिथे येऊन काय तोंड दाखवू? मी काय घालवलंय ते मी पाहिलेलंसुद्धा नाही, रित्या. रागावून लिही, शिव्या दे, पण लिही.

ताई


२६ सप्टेंबर

ताई,

तुझी सगळी पत्रं मिळाली, उन्हाळ्यातलीसुद्धा. उत्तर दिलं नाही. उगाच टपालावर ढकलत नाही. रागावलो होतो. लिहायला घेतलं की तुझ्यावर घसरायचं, म्हणून पेन खाली ठेवायचो. पुढे राग सरला, आणि लिहायचं राहूनच गेलं.

आज लिहितोय ते गरज पडली म्हणून.

मार्चमध्ये खाजणाच्या तोंडाशी बांध घातला. तेव्हापासून भरती आत येत नाही. चिखल वाळला, पांढरा पडला, भेगा गेल्या. भोकांतलं जे होतं ते आतच मेलं, पहिले काही आठवडे वास होता, मग तोही गेला. अर्ध्यावर दगडमातीचा भराव झालाय. पाणटिवळे एप्रिलमध्ये उत्तरेला गेले तेव्हा कडेची एक पट्टी शिल्लक होती, तिच्यावर खाऊन गेले. तिकडे अंडी घातली असतील, पिल्लं मोठी केली असतील. आपण निघालो तेव्हा होतं ते आता नाही, हे त्यांना कोण सांगणार? मी रोज पंचांग बघावं तसा वारा बघत होतो. आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं, यंदा येऊ नका रे.

परवा आले.

तू पत्रात म्हटलं होतंस, तिथे काय आहे ते लिही. लिहितो. ते थवा धरून खाली आले, भरावावर एक घिरटी घातली, पुन्हा वर गेले, पुन्हा घिरटी घातली. मग उतरले, कारण आणखी उडायची ताकद नव्हती. दगडांवर चोच टेकवून बघत होते. एक जण तर एकाच दगडाला कितीतरी वेळ टोचत राहिला. मी चालत त्यांच्यात गेलो तर एकही उडाला नाही. पूर्वी मी शिंकलो तरी सगळं खाजण उडायचं. एक उचलला. एवढा मोठा पक्षी, पण हातात नुसती पिसं घेतल्यासारखं वाटलं. छातीचं हाड सुरीच्या धारेसारखं वर आलेलं. ट्रकवाले हॉर्न वाजवत होते, खाली उतरून हाकलत होते. ते बिचारे तरी काय करणार, रस्ता तोच आहे.

जे उडू शकले ते दक्षिणेच्या खाडीकडे गेले. तिथे चिखल आहे, पण थोडा, आणि तिथले आधीचेच त्यावर कसेबसे जगतात. जे बसून राहिलेत त्यांना टोपल्यांत घालून मी होडीने तिकडे नेतोय. काही वाटेतच मरतात. काही सोडल्यावर उभे राहतात आणि चोच खुपसतात. किती जगतील ते मला माहीत नाही. फारसे नसतील. हे करून खाजण परत येणार नाही, आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा याच दगडांवर उतरतील. हे सगळं मला कळतं.

पण एकट्याने होत नाही. वल्हवू लागलो तर टोपल्या सांभाळायला कुणी नसतं, आणि लाटेने टोपली कलली की पक्षी एकमेकांवर पडतात. जाळ्यावाल्या बाई दोन दिवस आल्या, पण त्यांना त्यांचं काम आहे. तुझे गुडघे माहीत आहेत. होडीत नुसतं बसायचं आहे, टोपल्या मांडीवर घेऊन.

तर ये. मी बसस्टॉपवर उभा असेन. जाड कापडं घेऊन ये, जुन्या चादरी चालतील, फाडून टाकण्यासारख्या. इकडे आल्यावर रडू नकोस असं म्हणणार नाही, फक्त होडीत जोराने हलू नकोस.

आणि घाबरू नकोस. ते चावत नाहीत. उचलताना आधी दोन्ही पंख मिटून अंगाशी धरायचे, मग पाय हातात घ्यायचे, मान मोकळी ठेवायची. जमत नाही पहिल्यांदा. मी शिकवीन तुला.

रित्या